दाढीचं सामान

आई-बाबा यायच्या आदल्या शनिवारी मी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका मोठ्या दुकानात दाढीच्या सामानासमोर उभा होतो. हातात बायकोने लिहून दिलेली यादी होती. बाथरूममध्ये धरायला दांडी, आईसाठी जाड मोजे, बाबांसाठी बिनसाखरेची बिस्किटं आणि शेवटी रेझर. बाकीचं सगळं कार्टमध्ये पडलं होतं. रेझरपाशी येऊन माझं घोडं अडलं.

हल्ली इथे चांगले रेझर कुलपात असतात. चोऱ्या होतात म्हणून दुकानवाले ते काचेच्या कपाटात ठेवतात. एखादा हवा असेल तर बटण दाबायचं, मग दुकानातला माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन सावकाश येतो. वापरून फेकून द्यायचे, निळ्या दांडीचे प्लॅस्टिकचे रेझर मात्र बाहेरच लटकत असतात. बाराचं पाकीट. ते चोरायचे कष्ट कोणी घेत नाही.

मी बटणाकडे बघितलं. मग मनाशी म्हटलं, पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाबांना कुठे ऑफिसला जायचंय? आणि त्या वयात नव्या वस्तूची सवय करून घ्यायची म्हणजे त्यांनाच त्रास. असं सगळं स्वतःला नीट पटवून देऊन मी बाराचं पाकीट उचललं. खरं कारण एवढंच होतं की मला तिथे थांबायचा कंटाळा आला होता. स्वतःसाठी मी थांबलो असतो.

थांबलो असतो कशाला, थांबलोच होतो. माझ्या बाथरूममध्ये आरशामागच्या कपाटात माझा स्वतःचा सरंजाम होता. चकचकीत स्टीलचा, हाताला जड लागणारा, एकच पातं बसणारा परदेशी रेझर. ब्रश, ब्रश टांगायचा स्टँड, लाकडी वाडग्यातला चंदनी साबण. वर तुरटीची वडी. तुरटी आमच्या कराडला कुठल्याही वाण्याकडे मिळते. मी ती सुबक डबीतून, तिच्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकासकट मागवली होती. हे सगळं घ्यायच्या आधी मी महिनाभर व्हिडिओ बघत होतो. दाढी कशी करावी हे मला छातीपर्यंत दाढी वाढवलेली माणसं शिकवत होती. बायको म्हणाली होती, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." तरी मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर लोकांना प्लॅस्टिकच्या रेझरने पृथ्वीची कशी वाट लागते ते सांगत असे.

आता बावीस वर्षं मागे जायला हवं, कारण दुखणं तिथलं आहे.

शिकायला अमेरिकेला निघालो त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्यांचा स्टीलचा रेझर रुमालात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला. बाबा हायस्कूलला गणित शिकवायचे. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव वस्तू, असं आई सांगायची. लहानपणी मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. "पाती तिकडे मिळत असतील की," बाबा एवढंच म्हणाले. आमच्या घरात पोराला निरोप द्यायची तेवढीच पद्धत होती. मी मान हलवली. बॅगेचं वजन आधीच जास्त होत होतं आणि मला त्याचीच काळजी पडली होती.

पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीजवळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायचो. पुण्याचे दोघं, एक नागपूरचा आणि मी. सगळे वापरून फेकायचे रेझर आणायचे. मी बाबांचा रेझर एकदा वापरला, हनुवटी कापून घेतली आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला. दोन वर्षांनी नोकरी लागली, फ्लॅट सोडायचा दिवस आला. दुपारपर्यंत जागा रिकामी करून द्यायची होती. काळ्या पिशव्यांत आम्ही दिसेल ते भरत होतो. ड्रॉवर उपसताना तो रेझर हातात आला. चुकून गेला, गडबडीत राहून गेला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. मी तो हातात धरला, बघितला, हा आता कोण वापरणार असं वाटलं, आणि पिशवीत टाकला. पिशवीला गाठ मारून ती स्वतः खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आलो.

नंतर अधूनमधून ते आठवायचं. पण बाबांनी कधी विचारलं नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

तर आई-बाबा आले. यायच्या आधी मी फोनवर सगळेच सांगतात तेच सांगितलं होतं. लोणची आणा, भाजणी आणा, बाकी काही आणू नका, इथे सगळं मिळतं. बाबांनी विचारलं होतं, "दाढीचं सामान?" मी म्हणालो, "तेही नको. घेऊन ठेवतो." त्यांच्या खोलीशेजारच्या बाथरूममध्ये मी ते निळं पाकीट आणि फेसाचा डबा ठेवला. बाबांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "बारा?" ते म्हणाले. "एवढे कशाला?"

त्यांनी एक काढला आणि तीन आठवडे तोच वापरला. दाढी झाली की बेसिनच्या काठावर हलकेच आपटायचे, धुवायचे, टिश्यूने टिपून त्याला टोपण लावायचे आणि तीच टिश्यू खाली घालून तिच्यावर तो ठेवायचे. गालांवर लाल पुरळ उठलं होतं. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाबा, ते चार-पाच वेळा वापरून फेकायचे असतात."

"धार आहे अजून," बाबा म्हणाले.

माझं कपाट दहा पावलांवर होतं. चला, माझा वापरून बघा, एवढं म्हणायला काय जात होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, मला लाज वाटत होती. ज्या वस्तूला मी एकदा कचरा ठरवलं, तशीच वस्तू मी चौपट नटवून पुन्हा घरात आणली होती. ती बाबांच्या समोर ठेवायची माझी हिंमत नव्हती.

पण ती त्यांच्या समोर आलीच. मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे इथल्या मराठी मंडळातली चार घरं जेवायला यायची होती, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असा बेत. नेमकं त्या दिवशी बाबांच्या बाथरूममधलं पाणी तुंबलं. बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्या बाथरूममध्ये तयार व्हा." दहा मिनिटांनी बाबा बाहेर आले. चष्मा नव्हता, केस ओले होते. कंगवा शोधताना त्यांनी आरशामागचं कपाट उघडलं होतं. हातात माझा स्टीलचा रेझर होता.

"अजून आहे होय?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, रेझरकडे बघितलं. बायको दारात पातेलं घेऊन उभी होती, तिच्याकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आहे की."

तेवढ्यात बेल वाजली. माणसं आली. बेल वाजली नसती तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. नसतंच सांगितलं.

बाबा मितभाषी माणूस. चार लोकांत ते सहसा ऐकायचं काम करतात. त्या दिवशी मात्र जेवताना ते आपणहून बोलले. पहिला पगार, रेझर, रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला ते सगळं त्यांनी सांगितलं. "मला वाटलं होतं, केव्हाच गेला असेल," ते म्हणाले. "आज बघतो तर नव्यासारखा ठेवलाय ह्याने."

आमच्यात एक डॉक्टर काका आहेत. पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, आता रिटायर्ड. ते म्हणाले, "सर, यू आर लकी. मी माझ्या मुलाला माझं घड्याळ दिलं होतं, त्याने ते गराज सेलला, जुन्या सामानात विकायला काढलं. तेही मला न विचारता. हा मुलगा बघा. ह्याला संस्कार म्हणतात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून कोशिंबीर वाढत राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

माणसं गेल्यावर भांडी लावताना बायको हळू आवाजात म्हणाली, "तू क्लिअर का नाही केलंस?"

"त्यांना केवढा आनंद झाला होता, बघितलंस ना?"

"म्हणूनच सांग. उद्या सकाळी सांगून टाक. लहान गोष्ट आहे, अजून लहान आहे तोवर सांग."

सकाळी मी सांगितलं नाही. उलट ब्रश, साबण, नवं पातं, सगळं बाबांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "आजपासून हाच वापरा. तुमचाच आहे." खोट्याला असा टेकू द्यावा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी चष्मा लावला होता. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बाहेर फोनवर बातम्या वाचल्यासारखं करत बसलो होतो.

बाहेर आले तेव्हा चेहरा तुळतुळीत होता. "कसा वाटला?" मी विचारलं.

"छान आहे," बाबा म्हणाले. "चांगली वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निळा रेझर वापरताना दिसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला हात स्थिर लागतो. माझा आता थरथरतो थोडा. हाच बरा." मला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली. त्यांनी कोणापुढे तो विषय पुन्हा काढला नाही. मी तेही माझ्या सोयीने घेतलं, म्हातारपणी माणूस विसरतो वगैरे. बाबा सत्तर वर्षांपूर्वीचं शाळेतलं गणित आकड्यांसकट सांगतात.

बाबांची शिकवायची एक पद्धत होती. ते चुकलेल्या गणितावर फुली मारायचे नाहीत. ज्या ओळीत चूक झाली तिच्याशेजारी पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे, वही परत करायचे आणि समोर बसून राहायचे. रागावणं नाही, बरोबर करून दाखवणं नाही. ज्याची चूक त्याने शोधायची, आणि शोधली की तोंडाने सांगायची. घरी मलाही तोच नियम. त्यांचं ते समोर बसून राहणं मला माराहून जड जायचं. मार एकदाचा संपतो तरी.

त्या उन्हाळ्यात मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचो. सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडला की बाबा चहाचा कप घेऊन समोर येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. मी विचारायचो, "काही हवंय का?" ते म्हणायचे, "नाही रे. तुझं चालू दे." अर्ध्या तासाने कप विसळून उठायचे. परदेशात वेळ जात नाही, पोराच्या सोबतीला बसतात, असं मला वाटायचं. दोन-तीनदा सांगायचं अगदी ओठांवर आलं आणि नेमकी मीटिंग सुरू झाली. मीटिंग कॅन्सल करता येतात.

जुलैमध्ये एकदा कपड्यांच्या घड्या घालताना आई म्हणाली, "त्यांचे गाल बघितलेस? घरी पण तसंच. तुला तो दिल्यापासून दुसरा घेतलाच नाही त्यांनी. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते दहा-वीस रुपयांचे आणतात आणि महिना महिना घासत बसतात. मी किती वेळा म्हटलं, घ्या की एक चांगला. म्हणतात, चांगला आहे तो पोराकडे आहे."

मी हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "पुढच्या वेळी मी घेऊन देईन." तिने पुढचा कपडा घडीला घेतला.

त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघायचा तो फक्त माझ्या डोक्यात. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. रोज सकाळी आरशासमोर तो जड रेझर हातात घेतला की मला माझा चेहरा नकोसा व्हायचा. वाडग्यात फेस करताना बाहेर बाबांचा आवाज आला की मी पाण्याचा नळ मोठा सोडायचो. बायकोने दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. तिचं विचारणं थांबलं त्याचंही मला वाईट वाटलं.

सप्टेंबरात ते परत निघाले. आदल्या संध्याकाळी बॅगा भरताना मी सगळा सरंजाम एका पिशवीत घालून बाबांपुढे धरला. मला वाटलं, तो एकदाचा त्यांच्याकडे गेला की मी सुटलो. "घेऊन जा हा. मोठ्या बॅगेत चालतो. इतकी वर्षं मी वापरला, आता तुम्ही वापरा."

बाबांनी पिशवी माझ्या हातात परत दिली. "नको," ते म्हणाले. "तुझा आहे तो. तुझ्याकडे राहू दे." आणि निळ्या पाकिटातले उरलेले पाच रेझर त्यांनी नीट कागदात बांधून बॅगेत ठेवले.

विमानतळावर आत जायच्या आधी आईने माझा हात धरला. "बाबांना काही सांगायचं राहिलंय का रे?"

मला वाटलं औषधांबद्दल विचारते आहे. "नाही," मी म्हणालो. "सगळं सांगितलंय. मुंबईला व्हीलचेअर बुक केली आहे."

घरी येऊन मी त्यांची चादर काढली, बाथरूम आवरलं. बेसिनच्या काठावर, घडी घातलेल्या टिश्यूवर, टोपण लावलेला एक निळा रेझर होता. शेवटच्या सकाळी वापरलेला. कोरडा, स्वच्छ. मी तो कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला. डब्याचं झाकण उघडलं. वीस वर्षांपूर्वी असाच उभा होतो आणि तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. मी तो परत आणून आरशामागच्या कपाटात ठेवला, माझ्या स्टँडच्या शेजारी.

तिथे तो महिनाभर होता. कपाट उघडलं की आधी तोच दिसायचा. शेवटी एका रविवारी सकाळी मी दाढी अर्धवट सोडली, तोंड पुसलं आणि कराडला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मागे आई शेंगा सोलत होती. इकडचं तिकडचं बोलणं मी होऊच दिलं नाही.

"बाबा, तुम्ही दिलेला रेझर माझ्याकडे नाही."

बाबांनी फोन जरा जवळ धरला.

"इथे बघितलात तो मी पाच वर्षांपूर्वी विकत घेतलेला. तुमचा मी पिस्कॅटवेची जागा सोडताना टाकला. हरवला नाही, टाकला. कचऱ्यात. मला माहीत होतं तो कोणाचा आहे ते." मी तिथेच थांबलो नाही. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही बोललात आणि मी गप्प बसलो. मला माफ करा."

बाबांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "माझ्याला वर दोन झडपा होत्या. खालची मूठ फिरवली की त्या उघडायच्या आणि मध्ये पातं बसायचं. तुझ्याचं डोकं सगळं सुटं होतं. आठवत नाही तुला?"

मला आठवत नव्हतं. दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता तो, आणि मला त्याच्या झडपाही आठवत नव्हत्या.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"दुसऱ्या," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशी चष्मा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. त्यांच्या गालांवर तेच लाल पुरळ होतं. मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोर येऊन बसणारे बाबा आठवले, त्या सगळ्या सकाळी, त्यांच्या हातात निवत चाललेला चहा.

मग त्यांनी मान मागे वळवली.

"अगं," ते आईला म्हणाले, "सांगितलं त्याने."

"सांगितलं?" आईचा आवाज आला. शेंगांचं सूप खाली ठेवल्याचाही आवाज आला. "बरं झालं बाई. मला वाटलं, आता काही सांगत नाही."